मेस्वेज म्हणजे आत्तीचं परडं

मराठी तिसरी झालो आणि चौथीच्या मास्तरांशी माझं बिनसलं. त्यांनी उगारलेली छडी मी धरली, मोडली आणि वर्गातून बाहेर पडलो. वडील म्हणाले, "माफी माग आन् परत जा." मी म्हणालो, "मास्तर बोलवाय आले तर जाईन." मास्तर आले नाहीत, मीही गेलो नाही. माझं शिक्षण एवढंच. त्याची मला लाज वाटत नाही आणि ते लपवावं असंही कधी वाटलं नाही.

तरी इंग्रजीतले काही जुने शब्द माझ्यापाशी आहेत. बरेचसे कोर्टातले, एक दवाखान्यातला. नातू कॉलेजात इंग्रजी शिकवतो. तो म्हणतो, "आबा, हे शब्द आता कुणी वापरत नाही." मी म्हणतो, नसतील वापरत. आमच्या घरात ते वापरून झालेत. त्यातल्या एका शब्दावर आमच्या आत्तीचं परडं टांगलेलं होतं.

आत्ती म्हणजे माझ्या वडलांची थोरली बहीण. आमचं गाव सांगलीच्या अंगाला, कृष्णेकाठी. शाळा सुटली त्याच सुमाराला माझी आई गेली, तेव्हा आत्तीनं मला उचलून आपल्या सासरी नेलं, रहिमतपूरच्या पलीकडं. तिला मूलबाळ नव्हतं. तिच्या मालकांना मी मामा म्हणायचो. मामा बोलायचे कमी. बायकोला बरं वाटावं म्हणून जे काही करायचं ते त्यांनी घरामागच्या परड्यात करून ठेवलं होतं. न्हाणीसाठी नदीतला सपाट दगड आणून बसवला होता. न्हाणीचं पाणी वाया जाऊ नये म्हणून त्याच्या पाटाला अळू लावलं होतं. शेवगा होता, लिंबू होतं, तुळस होती, कोंबड्यांचं खुराडं होतं आणि शेणी रचून केलेला हुडवा होता. सगळ्याभोवती बाभळीच्या काट्यांची दाट कुपाटी. कुपाटीला एकच वाट, तिला तुरकाठ्यांची ताटी, आणि ताटीच्या वर आडवा बांबू. त्यावर दोडक्याचा वेल चढवलेला. बांबू इतका खाली होता, की आत येणारा कुणीही असो, मान वाकवूनच यायचा. आत्ती बुटकी. तिला तेवढं वाकावं लागत नसे. तिच्याच मापानं बांधलं होतं ते.

मी पुढं पलटणीत भरती झालो. लढाईच्या दिवसांत एकदा रजेवर आलो तर मामांचे पाय सुजलेले. रहिमतपूरला गाडीत बसवून मी आणि आत्तीनं त्यांना मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. म्हाताऱ्या डॉक्टरांनी पाय दाबून पाहिले, पोटावर टिचक्या मारल्या आणि शेजारच्या माणसाला म्हणाले, "ड्रॉप्सी." आम्ही तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. शब्द हलका वाटला. बाटलीभर औषध घेऊन आनंदानं परत आलो. मामा तो हिवाळा परड्यात उन्हाला बसून होते म्हणे. मी तोवर पलटणीत परत गेलो होतो. हिवाळा सरता सरता ते गेल्याची तार आली.

ड्रॉप्सी म्हणजे काय, हे मला पलटणीतल्या कंपौंडरनं मागाहून सांगितलं. अंगात पाणी भरणं. जुना शब्द आहे म्हणाला, आताचे डॉक्टर पाणी का भरलं ते शोधतात, काळीज थकलं की मूत्रपिंड, ते सांगतात. त्या दिवशी मिरजेत तोंड उघडून विचारलं असतं तर मी रजा वाढवून मागितली असती. तेव्हापासून मी एक ठरवलं. इंग्रजी शब्द माझ्यासमोर कुणी काढला, की अर्थ घेतल्याशिवाय उठायचं नाही. समोरचा कितीही मोठा असो.

लढाई संपली, मी लान्सनाईकाची फीत घेऊन घरी आलो. घरी म्हणजे आत्तीकडंच. आल्या आल्या तिनं भाकरी वाढली आणि म्हणाली, "भावजी परडं मागत्यात."

भावजी म्हणजे तिचे धाकटे दीर. त्यांना मी धाकटे मामा म्हणायचो. मामा गेल्यावर साताऱ्याच्या कोर्टात समजुतीनं वाटणी झाली होती. रान दिरांकडं, आत्तीला वर्षाचं धान्य, आणि राहतं घर तिच्या हयातीपर्यंत तिचं. भांडण असं काही नव्हतंच. पण आता धाकट्या मामांना उसाचं गुऱ्हाळ घालायचं होतं. परडं रस्त्याला लागून, शेजारी विहीर. रस आटवायचं चुलाण मांडायला त्याच्यासारखी जागा नाही. ते म्हणत, "घर वयनीचं. घर म्हंजे छप्पर. मागली जागा माझ्या रानाचा तुकडा हाय." माणूस वाईट नव्हता. दर पाडव्याला आत्तीच्या पाया पडायचे. पण एकदा गुऱ्हाळ डोक्यात बसलं ते बसलं.

"तुला काय पायजे?" मी आत्तीला विचारलं.

"मला काय पायजे असणार? सकाळी दार उघडलं की आभाळ दिसाय पायजे. रांडव बाई मी, म्होरल्या अंगणात किती येळ बसू? लोकं बघत्यात. मागं बसाय नको का मला?" मग परड्याकडं बघत म्हणाली, "ते बसायचे ना रं तिथं."

एवढंच. पुढं सगळा खटला झाला, पण कोर्टात ती याहून जास्त काही कधी बोलली नाही.

धाकट्या मामांनी दावा लावला, तेव्हा साताऱ्याला आम्ही एक वकील धरला. गोरेपान, पन्नाशीचे, सारखं पान खाणारे. मला पहिल्या दिवसापासून जमादारसाहेब म्हणायचे, चेष्टेनं, माझ्याहून कितीतरी वरचा हुद्दा लावून. मीही कधी नको म्हणालो नाही. त्यांनी वाटणीचा इंग्रजी कागद कोर्टातून काढून वाचला आणि कपाळाला हात लावला. कागद लिहिणारा वकील जुन्या वळणाचा, तो तर वारलाही होता. त्यानं साधं घर असं लिहिलंच नव्हतं. आत्तीला 'मेस्वेज' दिलंय, असं लिहिलं होतं.

"म्हंजे काय?" मी विचारलं.

"घर."

"घराला हाउस म्हणत्यात. पलटणीत रोज ऐकलंय मी. मग ह्यो दुसरा शब्द कशाला?"

"कायद्यातला आहे. तुला कशाला हवाय?"

"अर्थ घेतल्याबगार उठत न्हाई मी."

बाहेर दोन पक्षकार खोळंबले होते. वकिलांनी माझ्याकडं पाहिलं, आत्तीकडं पाहिलं. ती बाकाच्या कडेला पदर सावरून बसली होती. तिनं सांगितलं, "बसंल त्यो. चौथीच्या मास्तरासाठी बसलाय त्यो अजून."

वकील हसले. उठून कपाटातून उशीएवढा ग्रंथ काढला. पानं उलटली. म्हणाले, "हा शब्द विलायतेतही आता म्हातारे वकीलच वापरत असतील. ऐक. मेस्वेज म्हणजे राहतं घर, आणि घराबरोबर जे जे घराचंच म्हणून नांदतं ते. गोठा, आड, मागचं आवार. त्या आवाराला आणखी वेगळा शब्द आहे, कर्टिलेज. कुंपण घालून घरात घेतलेली जागा."

"परडं म्हणा की," आत्ती म्हणाली.

"परडं म्हणून चालत नाही हो बाई. सिद्ध करावं लागतं."

आता कागद उघडलाच होता, म्हणून मी बाकीचेही शब्द विचारून घेतले. मामा 'विदाऊट इश्यू' वारले असं एके ठिकाणी होतं. इश्यू म्हणजे पोरबाळ. आत्ती म्हणाली, "मग सरळ पोर म्हणाया काय धाड भरली हुती?" आणि तिच्या नावापुढं लिहिलं होतं 'रेलिक्ट'. वकील जरा घुटमळले. म्हणाले, "विधवा." मी म्हणालो, "विधवेला विडो म्हणत्यात. ह्याचा मूळ अर्थ सांगा." त्यांनी पान थुंकून येण्याचं निमित्त केलं, पण परत आले तेव्हा मी तिथंच होतो. मग सांगितलं. मागं उरलेली.

मला वाटलं, आत्तीला लागणार. तिनं तो शब्द जरा वेळ तोंडात घोळवला.

"उरलेली? सांजच्या भाकरीगत?"

"तसं नाही हो..."

"न्हाई, बराबर हाय," ती म्हणाली. "उरलीया मी. पर आंबली न्हाई अजून."

वकिलांनी त्यानंतर तिच्याकडून फीची घाई कधी केली नाही.

कोर्टानं ठरवलं की जागा प्रत्यक्ष पाहावी. त्यासाठी एक तरुण वकील नेमला. त्याला कमिशनर म्हणतात. तो येऊन पाहील, दोन्ही बाजूंचं ऐकेल आणि कोर्टाला कळवेल. आमच्या वकिलांनी बजावलं, "जशी आहे तशी जागा दिसू दे." मी हो म्हणालो.

आता इथं काय झालं ते नीट सांगतो, कारण गावात त्याची वेगवेगळी गोष्ट करून सांगतात.

साहेब येणार म्हटल्यावर आत्तीनं परडं सारवायला घेतलं. सारवता सारवता तिचं लक्ष ताटीवरच्या बांबूकडं गेलं. म्हणाली, "सायेब डोईला टोपी घालून येणार. त्यो वाकणार कसा? आपल्या दारात पावण्याची टोपी पडली तर काय इज्जत ऱ्हायली?" तिनं मला बांबू उतरवायला सांगितला. वेल जपून सोडवला, बांबू काढला. बांबू काढल्यावर ताटी उघडीबोडकी दिसायला लागली, म्हणून ताटीही काढली. मग मी मागं सरून पाहिलं. कुपाटी जुनी, कुठं वाळलेली, कुठं कोंबड्यांनी पाडलेली भोकं. मधेच वाटेचं खिंडार. पलटणीत इन्स्पेक्शन म्हटलं की कसं असतं मला माहीत होतं. झुडूप राहत नाही, काडी राहत नाही, सगळं लख्ख, वाटेच्या कडेला चुन्याचे दगड. सगळी कुपाटी काढली, ओढून ओढ्यात नेऊन पेटवली. कडेनं दगड मांडले, त्यांना चुना फासला. सांजच्या आत परडं असं उजळलं, की आत्ती दाराला टेकून बघतच राहिली. म्हणाली, "ह्ये त्यांनी बघाय पायजे हुतं रं."

सकाळी धाकटे मामा रस्त्यानं चालले होते. थांबले. चुन्याचे दगड पाहिले, मोकळं रान पाहिलं. मग कमरेवर हात ठेवून जे हसायला लागले ते थांबेनात.

"पावणं! लय झ्याक लढाई जिकून आलासा की! आपलाच बुरूज पाडून बसलासा!"

मला तेव्हा कळलं नाही. कळलं ते आमचे वकील कमिशनरला घेऊन टांग्यातून उतरले तेव्हा. वकिलांनी जागा पाहिली आणि तोंडातलं पान तसंच गिळलं.

"जमादार," मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "कर्टिलेजचा अर्थ काय सांगितला होता मी तुला?"

"परडं."

"कुंपण घालून घरात घेतलेली जागा! कुंपण कुठंय?"

"ओढ्यात जाळलं."

"का?"

"सायेबाला वाकाय लागलं असतं."

ते डोळे मिटून उभे राहिले. मागल्या दाराच्या आत आत्ती उभी होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं. तिचा पदराचा हात तोंडावर गेला तो मला दिसला.

कमिशनर पोरसवदा होता, चष्म्याचा, काटकुळा. डोक्याला टोपीसुद्धा नव्हती. तो धाकट्या मामांना म्हणाला, "तुमचं म्हणणं काय?"

"बघा की सायेब तुमीच. मोकळी जागा हाय. माझं रान हितपर्यंत येतंय. मधी काय आडवं हाय का?"

"जागेला कुंपण कधी होतं?"

मामा क्षणभर घोटाळले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "काटंकुटं हुतं कायबाय," म्हणाले. "ते काय, कोंबड्यांसाठी."

"बरं. असं करा. तुम्ही शेताकडून चालत या, घरापर्यंत. तुमचं शेत कुठं संपतं असं तुम्ही म्हणता, ते मला चालून दाखवा."

मामा रुबाबात निघाले. आम्ही सगळे न्हाणीच्या दगडापाशी उभे. उसाच्या कडेनं, बांधावरून, सरळ घराच्या रोखानं ते ताडताड येत होते. पायताण वाजत होतं. चुन्याच्या दगडांपाशी आले, जिथं आदल्या दिवशीपर्यंत ताटी होती, आणि थांबले.

कुणी थांबवलं नव्हतं. त्यांनी पायताण काढलं. जोरानं खाकरले. मान खाली घातली, जिथं आता नुसतं वारं होतं तिथं, बांबूखालून वाकल्यासारखी. आणि हाळी दिली, "वयनी, आत हायसा का? येऊ?"

मागल्या दारातून आत्तीचा आवाज आला, रोजच्यासारखा, "या, भावजी."

मग ते एक पाऊल आत आले, आणि त्यांच्या ध्यानात आलं. तसेच उभे राहिले. पायताण बाहेर, स्वतः आत.

कमिशनरनं चष्मा वर सारला. "तुम्ही कुणाला विचारलंत?"

"वयनीस्नी."

"पण जागा तर तुमच्या शेताची म्हणता. स्वतःच्या शेतात जायला विचारता?"

मामांचा चेहरा लाल झाला. रागानं नव्हे. "आवं सायेब," ते म्हणाले, "बायामाणसाची न्हाणी हाय हितं. माझी वयनी हाय ती. इचारल्याबगार आत कसं यायचं? जनावर हाय का मी?"

"आणि पायताण?"

"सारवलंय न्हवं का."

कमिशनरनं कागदावर बराच वेळ लिहिलं. आमचे वकील हलके हलके माझ्याजवळ आले. त्यांना आता पान आठवलं. चंची सोडत, मान न वळवता म्हणाले, "कुंपण कसलं हवंय तुला, जमादार. ते बघ चालत आलं."

आत्तीनं सगळ्यांना गुळाचा चहा दिला. धाकट्या मामांना कप दिला तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी घेतला आणि खाली बघून प्यायले.

साताऱ्याचा निकाल आला तो असा, की परडं मेस्वेजातच येतं आणि आत्तीच्या हयातीपर्यंत तिचंच. धाकट्या मामांच्या वकिलानं पुढं जाऊ या म्हणून त्यांना सुचवलं होतं. ते म्हणाले, "कशाला? मीच तर साक्ष दिली." गुऱ्हाळ त्यांनी रस्त्यापलीकडं घातलं. पहिल्या चुलाणाची काकवी तांब्या भरून आत्तीकडं आली, आणि पुढं दर साली येत राहिली.

पण त्याआधी, निकालाच्याच आठवड्यात, ते बैलगाडीत बाभळीच्या फांद्या भरून आले. ताटीच्या जागेवर थांबून खाकरले. "वयनी, कुपाटी घालाय आलोय." आम्ही दोघांनी मिळून घातली. काटे मला जास्त टोचले, कारण ते मुद्दाम माझ्या बाजूनं रेटत होते. शेवटी आडवा बांबू बांधायची वेळ आली.

"जरा वर बांधा, भावजी," आत्ती म्हणाली. "माणसाला लय वाकाय लागतंय."

"दादानं जितका बांधला हुता तितकाच बांधणार."

"मी सांगतीया ना."

"आन् मी ऐकत न्हाई."

मी म्हणालो, वर बांधलेलाच बरा, माझं डोकं चारदा आपटलंय. तर दोघं एकदम माझ्यावर उलटले. "तू गप ऱ्हा रं. पाडलीस तूच."

"पाडली म्हणून तर जिकलो," मी म्हणालो. "कुपाटी असती तर सायबानं कुपाटी बघितली असती. तुमचं थांबणं कुणी बघितलं असतं?"

आत्तीनं तोंडाला पदर लावला आणि हसायला लागली. धाकटे मामा म्हणाले, "वयनी, ह्याला परत शाळंत घाला." तरी माझं म्हणणं आजही तेच आहे, आणि ते अजून कुणी खोडून काढलेलं नाही. बांबू मात्र होता त्याच जागी बांधला गेला. आत्तीच्या मापाचा.

आत्ती त्यानंतर बरीच वर्षं जगली. सकाळी दार उघडायची, न्हाणीच्या दगडावर बसायची, कोंबड्यांशी बोलायची, आणि कधी मला हाक मारून विचारायची, "काय रं ते आपलं, मेस् काय?" मी सांगायचो. ती मान हलवायची, पण तोंडात तिच्या परडंच राहिलं.

ती गेल्यावर कागदाप्रमाणं घर आणि परडं दोन्ही धाकट्या मामांचं झालं. मी अजून घरात होतो, त्यांनी मला जा म्हटलं नाही. जागा त्यांची, रान त्यांचं, अळू त्यांचं. तरी ते ताटीशी यायचे, पायताण काढायचे आणि खाकरायचे. मी आत असलो तर म्हणायचो, "या." नसलो तर जरा वेळ तसेच उभे राहायचे, आणि मग मान वाकवून आत यायचे.